चौसष्ट तोमो आणि एक शनिवार

१ मार्च २००२, शुक्रवार. होशिनो या जपानी गेम कंपनीच्या इंग्लंडमधल्या रीडिंग शाखेला लंडनच्या एजवेअर भागातल्या 'झिराडकर टीव्ही अँड गेम्स' या दुकानाकडून त्या दिवशी ७,९६८ पौंड येणे होते, व्हॅट सोडून. चौसष्ट मशिनांचे, प्रत्येकी १२४ पौंड ५० पेन्स. शाखेचे क्रेडिट कंट्रोल माझ्याकडे होते, त्यामुळे हे पैसे वेळेवर आणणे माझे काम होते. दुकान हॅना झिराडकर यांचे. त्यांच्याविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते.

ओळख झाली १९९४ मध्ये. नव्या दुकानदाराचा अर्ज आला की मी फोनवर दोन-चार प्रश्न विचारत असे. त्या दिवशी इंग्रजीत सगळे विचारून झाल्यावर राहवले नाही, म्हणून म्हटले, "झिराडकर म्हणजे तुम्ही मराठी का?"

"मग काय जपानी?" पलीकडून उत्तर आले. "तुम्ही आपले सरळ विचारा हो. घाम फुटला असेल तुम्हाला एवढं इंग्रजी बोलून."

हॅनाबाई मुंबईच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत. लग्नानंतर १९६९ मध्ये पती योना यांच्याबरोबर लंडनला आल्या. योना टीव्हीच्या कारखान्यात लागले, आणि कारखाना बंद पडल्यावर १९७९ मध्ये दोघांनी एजवेअरला टीव्हीदुरुस्तीचे दुकान घातले. मागच्या खोलीत योना सोल्डरिंग करत, पुढे हॅनाबाई गिऱ्हाईक बघत. व्हिडिओ गेम आले तसे टीव्ही मागे सरकले. हॅनाबाई स्वतः एकही गेम कधी खेळल्या नाहीत. पण कोणत्या मुलाला कोणता गेम घेऊन दिला तर तो पुढच्या आठवड्यात परत आणणार नाही, हे त्यांना त्याचे तोंड बघून कळत असे.

एका बाबतीत हे दुकान जगावेगळे होते. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो; त्याच्या आत शटर खाली यायचे ते रविवारी सकाळी वर जायचे. गेमच्या धंद्यात शनिवार म्हणजे आठवड्याची निम्मी कमाई. आमच्या सेल्सच्या मुलांनी त्यांना हे पुष्कळदा समजावून पाहिले. त्यांचे उत्तर ठरलेले असे. "आमचे पणजोबा अलिबागकडे तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद. गावात आम्हाला शनवार तेलीच म्हणायचे. घाणा गेला, तेल गेलं, शनिवार तेवढा राहिलाय. तोही तुम्हाला देऊ?"

आता कंपनीविषयी थोडे सांगायला हवे. होशिनोची सुरुवात ओसाकाची. युद्धानंतर तिथल्या डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर नाणे टाकून डुलणारे लाकडी घोडे बसवणारी ही छोटी कंपनी. घोड्यांच्या जागी पुढे विजेवरचे खेळ आले, मग पडद्यावरचे आणि शेवटी घरातल्या टीव्हीला जोडायचे. १९८८ मध्ये रीडिंगला शाखा निघाली. २००० च्या शरद ऋतूत कंपनीने आपले सगळे बळ लावून 'तोमो' नावाचे मशीन बाजारात आणले. मशीन चांगले होते. पण स्पर्धक कंपन्यांकडे जाहिरातीला पैसा होता, आणि गेम लिहिणाऱ्या बाहेरच्या कंपन्या हळूहळू त्यांच्याकडे वळल्या. प्रत्येक तोमोमागे आम्ही तोटा सोसत होतो. तो गेमच्या विक्रीतून भरून निघायचा होता, तो निघेना.

जपानी कंपनीचे वर्ष ३१ मार्चला संपते. म्हणून जानेवारी उजाडला की सेल्स विभाग दुकानदारांच्या गळ्यात माल बांधायला निघे. एरवी महिन्याला सहा-सात तोमो विकणाऱ्या हॅनाबाईंच्या दुकानात त्या जानेवारीत चार-चारची सोळा खोकी उतरली. दोन महिन्यांची मुदत, आणि "भाव उतरला तर फरक आम्ही देऊ" असे कंपनीचे आश्वासन.

भाव सहा आठवड्यांत उतरला.

ओसाकाने ठरवले की दुकानदाराला पडणारी किंमत १२४ पौंड ५० पेन्सवरून ८३ पौंडांवर आणायची, रविवारपासून. बातमी आधी फुटू नये म्हणून शुक्रवारी दुकाने बंद झाल्यावरच फॅक्स सोडायचे. प्रत्येक दुकानदाराने शनिवारी दुपारी चारच्या आत शिल्लक तोमो मोजून फॉर्म परत फॅक्स करायचा. त्या आकड्यावर मशीनमागे ४१ पौंड ५० पेन्स जमा. ज्याचा फॉर्म आला नाही त्याला काही नाही.

एजवेअरला तो फॅक्स सहाला पोचला. हॅनाबाई दुकानावरच्या घरात राहत. मेणबत्त्या लावून झाल्या होत्या, योना प्रार्थना म्हणून ब्रेडचा तुकडा मोडत होते, आणि खाली दुकानात फॅक्सचे मशीन घरघरले. पुढचे योनांनी मला नंतर सांगितले.

"फॅक्स आलाय," ते म्हणाले.

"आला तर आला. कागद काही पळून जात नाही. वरण घ्या."

शनिवारी सकाळी फोन दोनदा वाजला. तोही कुणी उचलला नाही. संध्याकाळी आकाशात तारे दिसून शब्बाथ संपल्यावर हॅनाबाई खाली गेल्या, दिवा लावला आणि कागद वाचला. सातच्या सुमारास माझ्या घरचा फोन वाजला.

"शशीभाऊ, चार वाजून गेलेत ना हो?"

"तीन तास झाले, हॅनाबाई."

"जानेवारीपासून एकही खपला नाही, चौसष्टच्या चौसष्ट पडून आहेत. दोन हजार सहाशे छप्पन्न पौंड होतात. मी गणित केलंय, तुम्ही परत करू नका."

गणित बरोबर होते. त्यांची अडचणही मला माहीत होती. २५ मार्चला घरमालकाला तीन महिन्यांचे भाडे आगाऊ द्यायचे होते, २,७५० पौंड. शेजारचा मोबाईल फोनवाला त्या गाळ्यासाठी दीडपट भाडे द्यायला बसला होता, आणि घरमालक हॅनाबाईंचा एक हप्ता चुकण्याची वाट बघत होता. फरकाची रक्कम मिळाली तर दुकान राहणार होते, नाही मिळाली तर तिथे मोबाईलची कव्हरे लटकणार होती.

मी म्हटले, "नियम ओसाकाचा आहे. सोमवारी वर बोलून बघतो."

"तुम्ही कशाला बोलता? तुमची नोकरी आहे तिथे. सोमवारी मीच येते."

सोमवारी साडेदहाला रिसेप्शनवरून मला बोलावणे आले. खाली जाऊन बघतो तर एजवेअरच्या एका बेकरीची व्हॅन दारात उभी, आणि योना व बेकरीवाला मिळून तोमोची खोकी आत आणून रचताहेत. ऑफिसात पावाचा वास सुटला होता. हॅनाबाई चांगला लोकरी कोट घालून सोफ्यावर बसल्या होत्या.

"हे काय?" मी विचारले.

"माल. मोजून घ्यायचा होता ना तुम्हाला? घ्या. मोजून झाला की परत द्या, मला विकायचाय."

तेवढ्यात इशिदा-सान जिन्यावरून उतरले. हे आमचे ओसाकाहून आलेले फायनान्स डायरेक्टर. पन्नाशीचे, कमी बोलणारे. फरकाची रक्कम द्यायची की नाही हे त्यांच्या सहीवर होते. मी ओळख करून दिली. पुढचे बोलणे इंग्रजीत झाले.

"फॉर्म चारच्या आत हवा होता," इशिदा नम्रपणे म्हणाले. "सहाशे दुकानांना एकच नियम आहे."

"मिस्टर इशिदा, तुमची डिलिव्हरीची गाडी माझ्याकडे आठ वर्षं येते. एकदा तरी शनिवारी आली का?"

इशिदांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "नाही. बुधवारी जाते."

"शनिवारी का जात नाही?"

"दुकान बंद असतं म्हणून."

"म्हणजे ड्रायव्हरला माहीत आहे," हॅनाबाई म्हणाल्या. "गाडी भरणाऱ्याला माहीत आहे. इथे बसलेल्या या साहेबांना माहीत आहे. फक्त फॅक्स पाठवणाऱ्याला माहीत नाही! तुमचं ऑफिस एकच आहे ना, की दोन आहेत?" आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, "सांगा हो याला नीट. मी सांगायला लागले तर जरा जास्तच होईल."

इशिदा खोक्यांजवळ गेले. मग त्यांनी विचारले, "दर शनिवारी तुमची किती विक्री बुडते?"

"ते मोजायला शनिवारी दुकान उघडावं लागेल."

योना मागे खोकला आल्यासारखे करून हसले. इशिदा हसले नाहीत. ते मला म्हणाले, "पूर्वी ओसाकात डिपार्टमेंट स्टोअर आठवड्यातून एक दिवस बंद असायचं. त्या दिवशी गच्चीवरचे आपले घोडेही बंद. मी नोकरीला लागलो तेव्हा जुनी माणसं सांगायची, बंदच्या दिवसाचा हिशेब दुसऱ्या दिवशी मागायचा." एवढे बोलून त्यांनी कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि पहिले खोके स्वतः उघडले.

तासभर आम्ही मोजत होतो. इशिदा एकेका मशिनाचा नंबर वाचत, मी तो आम्ही पाठवलेल्या मालाच्या नंबरांशी ताडून पाहत असे. मध्ये बेकरीवाल्याने सर्वांना एकेक गरम बेगल, म्हणजे कड्याच्या आकाराचा पाव, दिला. इशिदांनी तो टिश्यूवर बाजूला ठेवला आणि मोजणी संपल्यावरच खाल्ला.

"त्रेसष्ट," ते म्हणाले. "एक कमी आहे."

"कमी कुठे? ते दुकानाच्या काचेत लावलंय, शटर वर ठेवून आलेय. चालू आहे."

"तेही आणायला हवं होतं."

"ते कसं आणू? काचेतलं मशीन बंद दिसलं की शेजारच्या मोबाईलवाल्याला वाटेल, आटोपलं हिचं. सकाळी तो आधी तेच बघतो."

इशिदांनी मान हलवली. "त्रेसष्टचे पैसे आजच जमा करतो. चौसष्टावं मशीन मी डोळ्यांनी पाहिलं की त्याचेही करीन. न पाहिलेल्या मालावर मी सही करत नाही."

"हे मात्र बरोबर आहे," हॅनाबाई म्हणाल्या. "या की बघायला. रविवार ते शुक्रवार, केव्हाही."

२,६१४ पौंड ५० पेन्स त्याच दिवशी त्यांच्या खात्यावर जमा झाले. येणे तेवढ्याने उतरले, आणि आम्हाला द्यायला बाजूला ठेवलेल्या पैशांतून भाडे २२ तारखेला, तीन दिवस आधी, घरमालकाच्या हातात पडले. त्यानंतरच्या रविवारी हॅनाबाईंनी घरी मलिदा केला. नवस फिटला की प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने हा करतात. भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वेलची आणि वरून फळे. मी आणि माझी पत्नी गेलो होतो. इशिदांसाठी एक डबा माझ्याबरोबर दिला. त्यांनी तो जेवणाच्या सुट्टीत चमच्याने पूर्ण संपवला आणि डबा धुऊन परत पाठवला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओसाकाने तोमोचे उत्पादन थांबवले. होशिनो यापुढे मशीन बनवणार नव्हती, इतरांच्या मशीनवर चालणारे गेम तेवढे लिहिणार होती. बाकीचे दुकानदार उरलेले तोमो मातीमोल भावाने काढू लागले. हॅनाबाईंनी उलट चाल केली. ते विकत घ्यायला सुरुवात केली.

"बंद पडलेल्या मशिनाचं काय करणार?" मी विचारले.

"कंपनीने बंद केलं, पोरांनी थोडंच केलंय? उद्या बिघडलं तर कुठे जातील? घरात दुरुस्ती करणारा माणूस फुकट बसलाय."

"फुकट कुठे, जेवून-खाऊन," योना आतून म्हणाले.

दोन वर्षांत ते दुकान तोमोची दुरुस्ती, सुटे भाग आणि जुने गेम यांच्यासाठी माहीत झाले. केंब्रिजहून विद्यार्थी ट्रेनने येत. योनांनी एक शिकाऊ ठेवला, नंतर दुसरा. हाय स्ट्रीटवरच्या मोठ्या साखळी दुकानाने २००५ मध्ये गेमचा विभाग आवरला. शेजारचा मोबाईलवाला त्याआधीच गेला होता. त्याचा गाळा हॅनाबाईंनी घेतला आणि मधली भिंत पाडली. शनिवारी आता दोन शटरे बंद असतात.

होशिनोचेही बरे चालले. मशिनांचे ओझे उतरल्यावर तिसऱ्या वर्षी कंपनी नफ्यात आली. २००६ मध्ये ती एका खेळण्यांच्या कंपनीत विलीन झाली आणि पुढच्या मार्चमध्ये रीडिंगचे ऑफिस बंद झाले. मी तिथून दुसऱ्या एका फर्ममध्ये गेलो, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. हॅनाबाई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आहेत. निवृत्तीचा विषय काढला की म्हणतात, "दर आठवड्याला एक दिवस होतेच की."

राहिले चौसष्टावे मशीन. इशिदा २००४ मध्ये ओसाकाला परत गेले. निघण्यापूर्वी दिलेला शब्द पाळायला ते न सांगता एजवेअरला जाऊन आले. सामानाच्या बांधाबांधीतून त्यांना मोकळा असा एकच दिवस मिळाला होता. सोमवारी ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "गेलो होतो. शटर खाली होतं. मशीन दिसलं नाही."

"कोणत्या दिवशी गेला होता?"

"शनिवारी," ते म्हणाले, आणि त्यांचे त्यांनाच लक्षात आले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिले. सही मात्र त्यांनी केली नाही, कारण मशीन पाहिले नव्हते. मी हॅनाबाईंना फोन केला.

"बरोबर केलं त्याने," त्या म्हणाल्या. "पण पैसे मी सोडलेले नाहीत हं. लिहून ठेवा."

चौसष्टावा तोमो आजही त्या काचेत चालू आहे. त्याच्या फरकाचे ४१ पौंड ५० पेन्स हॅना झिराडकर यांना होशिनोकडून अजून येणे आहेत.