हुद्दा लहानच द्या

इंदुधर बेळवडी मूळचा हावेरीकडचा, आणि पहिल्यापासून चुळबुळ्या. चार वर्षांत त्याने हुबळीतल्या दोन आणि बेळगावातली एक अशा तीन फाउंड्र्या बदलल्या होत्या. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. मुलगा हुशार आहे, पण टिकतो कुठे, असं त्यांनी मध्यस्थाला विचारलं होतं. हाच माणूस पुढे इंडियानातल्या एका लहानशा गावात, एकाच कारखान्यात, एकाच टेबलाशी बारा वर्षं बसला. त्याला टिकणं म्हणता येणार नाही. उठायची सोयच नव्हती.

कारखान्यात ट्रकच्या ब्रेकचे लोखंडी भाग ओतले जात, आणि इंदुधर तिथे क्वालिटी इंजिनीअर होता. कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी २०१३च्या सप्टेंबरात कागद घातले आणि ती तारीख त्याला चिकटली; नोकरी सोडली तर सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून. पुढे दर महिन्याला सरकार एक तारीख जाहीर करी. तिच्या आधीच्यांचा नंबर लागे, बाकीच्यांनी बसून राहायचं. ती कधी दोन आठवडे पुढे जाई, कधी जागची हलत नसे, कधी चक्क मागे येई. महिन्याचा मधला आठवडा आला की इंदुधरचं जेवणात लक्ष नसे. ताटात काय वाढलं आहे हे त्याला बायकोला, पुष्पलताला, विचारावं लागे.

पुष्पलता हुबळीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. इथे आल्यावर तिला कामाची परवानगी नव्हती, म्हणून ती घरी बसली. महामारीच्या वर्षी तारखा अचानक पुढे धावल्या, सगळ्या घराचा शेवटचा अर्ज दाखल झाला आणि त्याच्या जोरावर तिला कामाचा परवाना मिळाला. अकरा वर्षांनी ती गावच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. पहिल्या दिवशी घरी आल्यावर तिने हातांना येणारा ॲसिडचा वास मुलीला हुंगायला लावला होता. मुलगी अमूल्या तेव्हा तेरा वर्षांची होती.

पुढच्या डिसेंबरात गडबड झाली. एका लॉटच्या एक्स-रेमध्ये ब्रेक धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटांच्या आत पोकळ्या दिसल्या. फार मोठ्या नव्हत्या, पण जिथे जोर येतो तिथेच होत्या. कारखान्याचा व्यवस्थापक डेल क्रुमविडी टेबलाशी आला. माल सोमवारी जायलाच हवा, तू काढलेल्या फोटोंचा अर्थ दोन्हीकडून लावता येतो, आणि सर्टिफिकेटवर तुझी सही लागते, एवढं तो शांतपणे बोलला. इंदुधरने हरकत घेतली, तेव्हा डेल खुर्ची ओढून बसला.

"इंडी, तुझे कागद चाललेत ना नीट?"

"चाललेत."

"मग चालू देत. एवढ्या वर्षांचं काम आहे. मध्येच कशाला खोळंबा?"

आवाज चढला नव्हता, धमकीसारखं काही नव्हतं. इंदुधरने सही केली.

त्या दिवसापासून त्याचं गाडी चालवणं बिघडलं. महामार्गावर पुढे मोठा ट्रक आला की तो मागे पडे, मागे आला की रस्ता सोडून बाहेर पडे. पंधरा मिनिटांच्या वाटेला चाळीस मिनिटं लागू लागली. अमूल्याला व्हायोलिनच्या वर्गाला उशीर व्हायला लागला, तेव्हा तिने आईला सांगितलं की अप्पांना ट्रकची भीती बसली आहे. पुष्पलताने खोदून विचारलं आणि मग त्याने सगळं सांगितलं. ती बराच वेळ भांडी लावत राहिली. मग म्हणाली, "आणि परत सही मागितली तर?"

मार्चमध्ये परत मागितली. या वेळी इंदुधरने सही केली नाही. लॉट अडला, डेल दोन दिवस बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी कंपनीच्या वकिलाला फोन करायचा आहे असं जाता जाता म्हणाला.

इंदुधरने स्वतःचा वकील गाठला. मारिसोल बेंटो नावाची ही बाई फोर्ट वेनमध्ये एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर बसे. तिने कागद चाळले आणि सांगितलं की शेवटचा अर्ज दाखल होऊन एकशे ऐंशी दिवस कधीच उलटले आहेत. कंपनीची मंजुरीही जुनी आहे. आता मालक बदलला तरी रांगेतली जागा जात नाही, जुन्या कंपनीने कागद मागे घेतले तरीही नाही. अट एकच. नवं काम जुन्यासारखंच हवं. इंदुधरने हे तीनदा वदवून घेतलं. वर्षभरापूर्वीच दार उघडं झालं होतं, आणि तो आपला भिंतीला टेकून बसला होता.

नोकरी शोधायला फार फिरावं लागलं नाही. विस्कॉन्सिनमध्ये लोरेन डूफेक नावाच्या एकाहत्तर वर्षांच्या बाईची लहान फाउंड्री होती, नवऱ्यामागे तीच चालवत होती. मिलवॉकीच्या एका संमेलनात ओळख झाली होती आणि तिच्या साच्यांच्या वाळूचा एक घोळ इंदुधरने फोनवरून सोडवून दिला होता. त्याने फोन केला तेव्हा तिने मुलाखतही घेतली नाही. मी थकले आहे, म्हणाली, तू ये आणि सगळा कारखानाच सांभाळ. व्यवस्थापक म्हणून ये.

घरी मात्र वादळ झालं. पुष्पलताचा जॉब जाणार होता, अमूल्याची शाळा मध्येच तुटणार होती.

"अहो, तुमच्या अर्जाला काही झालं तर माझा परवानाही जाणार. मी परत घरी बसू?"

"वकीलबाई म्हणते, काही होणार नाही."

"वकीलबाई अकरा वर्षं घरी बसली नव्हती." ती पुढे म्हणाली. "मी नको म्हणत नाहीये. पण भीती वाटत नाही असंही मी म्हणणार नाही. तेवढं ऐकून घ्या."

त्याने ऐकून घेतलं.

अडचण निघाली ती हुद्द्याची. मारिसोलने व्यवस्थापक हा शब्द वाचला आणि मान हलवली. सिद्ध करता येईल, पण कुणीतरी अधिकारी विचारेल की हा माणूस लोखंड तपासायचा, आता माणसं सांभाळतो, हे सारखं कसं? कशाला ती पाचर मारून घ्यायची? इंदुधरने विस्कॉन्सिनला फोन लावला.

"लोरेन, मला व्यवस्थापक करू नका. क्वालिटी इंजिनीअरच लिहा. हुद्दा लहानच द्या."

"पन्नास वर्षं या कारखान्यात आहे. वर चढायला भांडणारे खूप पाहिले. खाली उतरायला भांडणारा तू पहिलाच."

"माझी तारीख आहे ना."

तिला काहीच कळलं नाही. इंदुधरने सगळं समजावलं, त्याला अर्धा तास लागला. शेवटी ती म्हणाली की हे असलं सगळं ज्याने शोधून काढलं त्याला तिच्या भट्टीसमोर एक उन्हाळा उभं करायला हवं. पत्र तिने दुसऱ्या दिवशी पाठवलं, हुद्दा आणि कामाचं वर्णन मारिसोलने सांगितलं तसंच. व्यवस्थापकाचं काम मग तिने स्वतःच चालू ठेवलं, थकलेली असूनही.

निघण्याच्या आठवड्यात इंदुधरने डिसेंबरच्या लॉटचा नंबर, एक्स-रे आणि आपली सही असलेलं सर्टिफिकेट ट्रक कंपनीच्या क्वालिटी विभागाला पाठवलं. हे सर्टिफिकेट चुकीचं आहे आणि ते मी दिलं आहे, असं खाली लिहिलं. हे मारिसोलला आधी विचारलं नाही, पुष्पलताला मात्र विचारलं. आपण गाव सोडल्यावर पाठवा, असं ती आधी म्हणाली होती. मग तिनेच, नको, आताच पाठवा, म्हणून सांगितलं.

एप्रिलच्या शेवटी ते विस्कॉन्सिनला आले. मेमध्ये ट्रक कंपनीने तो लॉट परत बोलावला. तपासात सहा ब्रॅकेटांना तडे निघाले. त्यांतला एकही तुटला नव्हता. हे इंदुधरला इंडियानातल्या एका जुन्या सहकाऱ्याने कळवलं, आणि तो कारखान्याच्या आवारात खाली बसला, बाहेर पडलेल्या वाळूवरच. लोरेनने खिडकीतून पाहिलं आणि कुणाला तरी पाणी घेऊन पाठवलं.

जूनमध्ये डेलच्या कंपनीने त्याचे कागद मागे घेतले. त्याने काही बिघडणार नाही असं मारिसोल म्हणाली होती आणि बिघडलंही नाही, पण फाईल कुणाच्या तरी टेबलावर वर आली. सरकारने खुलासा मागवला: नवी नोकरी काय आहे, खरी आहे का, जुन्यासारखी आहे का? पत्र आधी इंडियानाच्या घरी गेलं, तिथून फिरून तीन आठवड्यांनी पोचलं. त्या वर्षी त्याच्या तारखेचा नंबर लागला होता, कार्डं भराभर निघत होती, पण सरकारचं वर्ष सप्टेंबरअखेर संपे, आणि त्याबरोबर त्या वर्षाची कार्डंही संपणार होती.

ते दोन महिने इंदुधर घरात ठरत नव्हता. रोज सकाळी दात घासता घासता फोनवर अर्जाची स्थिती बघे. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याला चकरा मारी. लोरेनने खुलाशाचं पत्र तीनदा लिहून दिलं. तिसऱ्या वेळी तिने खाली स्वतःच्या हाताने एक ओळ घातली, की हा माणूस खराब माल बाहेर जाऊ देत नाही, तेवढ्यासाठीच मी त्याला घेतलं आहे. मारिसोलने ती ओळ काढली नाही. उत्तर सरकारकडे ऑगस्टच्या अखेरीस पोचलं. त्याच्याबरोबर अर्ज केलेल्या हैदराबादच्या, पाटण्याच्या ओळखीच्यांना कार्डं मिळाली, ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले. त्याने सगळ्यांना अभिनंदन लिहिलं. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला सरकारची तारीख त्याच्या सप्टेंबरच्याही दीड वर्ष मागे गेली आणि त्याचा नंबर पुन्हा रांगेत आत सरकला. खुलासा मान्य झाल्याचं दोन आठवड्यांनी कळलं. अर्ज शाबूत होता. फक्त कार्ड नव्हतं.

त्या संध्याकाळी तो पुष्पलताला म्हणाला, "ट्रक कंपनीला ते पत्र पाठवलं नसतं तर आज कार्ड हातात असतं."

"असतं," ती म्हणाली. "आणि तुम्ही ट्रक दिसला की शेतात गाडी घातली असतीत."

ती हसली नाही, त्यानेही हसण्यावारी नेलं नाही. तिचा परवाना टिकला होता. जवळच्या चीज कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती दूध तपासायला लागली होती. शाळेची आठवण तिला येई आणि ती ते लपवत नसे.

तीन वर्षं झाली. तारीख त्याच्या सप्टेंबरपासून काही महिन्यांवर येऊन घुटमळते आहे. अमूल्याचं एकविसावं वर्ष जवळ येतं आहे, आणि ते आधी आलं तर तिचं नाव या अर्जात राहील की नाही, याचं गणित मारिसोल दर सहा महिन्यांनी नव्याने मांडते. इंदुधर अजून रात्री कूस बदलत पडतो. मध्यंतरी एक मोठी ऑर्डर निघायच्या दिवशी त्याला दोन भागांत पोकळी सापडली. तो लोरेनकडे गेला आणि समजावायला तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, वितळव. ट्रक रिकामा परत गेला. त्या दिवशी घरी येताना त्याने वाटेत थांबून पुष्पलताला फोन केला. पंधरा मिनिटांत पोचतो, भाकऱ्या टाकायला घे, म्हणाला.