मैथिलीचा नंबर मी खाल्ला

त्या चित्रकारानं माझं चित्र काढलं, यात माझा काय गुन्हा? मी काढ म्हटलं नव्हतं. तरी घरी आल्यापासून नात मैथिली बोलत नाही.

बरं, ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार.

आमच्या कुंभकोणात कॉलेजच्या हॉलात कॉमिक्सवाल्यांचा मेळा भरलाय. मैथिलीचा आवडता चित्रकार आलाय. आम्ही दोघी तीन तास रांगेत उभ्या होतो. नंबर एकट्या मैथिलीचा, नंबराला दोन मिनिटं आणि एक चित्र. तिला आपली चित्रांची वही त्याला दाखवायची होती.

टेबलावर त्याचं पुस्तक उघडं होतं. तंजावरची राणी घोड्यावर, आणि लुगड्याला कासोटाच नाही! मी म्हटलं, "बाबा, अशी नेसली तर राणी चढतानाच आपटेल."

तो हसला. "मग कसं नेसायचं दाखवा, पाट्टी." पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी.

मी नऊवारीच नेसले होते, पाठ वळवून दाखवलं. त्यानं मैथिलीच्या कागदावर मलाच काढलं. दोन मिनिटं संपली. वही पिशवीतच राहिली.

ऑटोत ती एवढंच म्हणाली, "आजी, तुला कुणी विचारलं होतं?"

कुणी नव्हतं विचारलं. तेव्हापासून मी नुसती आत-बाहेर करतेय. दोनदा कॉफी केली, दोन्हीदा गार झाली.

तो उद्या दुपारपर्यंत आहे. ती येत नाही म्हणते. मी एकटी रांगेत उभी राहीन, वही पुढे करीन, तोंड उघडणार नाही. पण तिला न विचारता वही उचलू का?

उत्तर नातींनीच द्या. आज्यांनी गप्प बसायचं, तुमचं मत मला ठाऊक आहे.