पिसांची बॅग आणि ताडपत्रीचा थैला

माझी थोरली लेक हिमालयात डोंगर चढायला निघाली होती आणि तिचं जाणं एका थैल्यावर अडून बसलं होतं.

ती कॉलेजात परेडला जायची. तिथून चढाईच्या शिबिराला पोरी निवडल्या, त्यात तिचं नाव आलं. पाठीवरची सॅक कॉलेजानं दिली. स्लीपिंग बॅग आमच्या गल्लीतल्या रिटायर सुभेदारांनी दिली. आत पक्ष्यांची पिसं भरलेली, माणूस गळ्यापर्यंत शिरून झोपेल अशी ती लांब पिशवी. जुनी होती, पण ऊबदार. तिचा मूळचा थैला मात्र उंदरांनी खाल्ला होता.

"थैला नीट बघून घ्या, वैनी," सुभेदार म्हणाले. "बॅग आवळून बसली पायजे. घडी घालू नका, कोंबायची. आन् पिसं भिजली की संपलं. त्यापरीस वर्तमानपत्र पांघरल्यालं बरं."

परेडच्या बाईंचा नियम कडक होता. बॅग थैल्यात आणि थैला सॅकच्या तळाला. बाहेर बांधलेलं काही चालणार नाही, अरुंद वाटेवर ते कड्याला अडकतं आणि माणसाला घेऊन खाली जातं. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मैदानावर तपासणी होती. जिचं सामान बसणार नाही तिच्या जागी घ्यायला जयसिंगपूरची एक पोरगी तयार ठेवली होती.

आमच्या मालकांना हे जाणं पसंत नव्हतं. ते बिद्रीला कारखान्यात होते, आठवड्यानं घरी यायचे. पण तोंडानं नाही म्हणायची सोय नव्हती, कारण निवड झाल्याचे पेढे त्यांनीच वाटले होते. आमच्या घराण्यात लग्न असो की विहीर, देवाला कौल लावायची रीत आहे. देवाला फुलं चिकटवायची आणि उजवं पडतंय की डावं ते बघायचं. मालकांनी या वेळी फुलं लावली नाहीत.

"थैला बसला तर जा म्हणायचं," ते म्हणाले. "न्हाय बसला, तर देवाच्या मनात न्हाय."

"देवाला दुसरं काम न्हाय व्हय? पोरीचं अंथरूण भरत बसलाय त्यो?"

"बघू की," म्हणाले आणि विषय संपवला.

तपासणीच्या दिवशी सकाळी ते ताडपत्रीचा थैला शिवून घेऊन आले. दुहेरी शिलाई, तोंडाला लांब झडप, आवळायला कातड्याचे दोन पट्टे. थैल्यात दोष काढायला जागा नव्हती. मीही गादीच्या पट्टेरी कापडाचा एक शिवून ठेवला होता. दोन्हींतला एक निवडायचा होता.

आधी माझा घेतला. लेकीनं मुठी-मुठीनं बॅग कोंबली, मी गुडघा दिला, दोरी आवळली. थैला आवळून सॅकच्या तळात मुकाट जाऊन बसला. लेक हसली. मलाही बरं वाटलं.

मालक खाटेवरून उठले, तांब्या उचलला आणि थैल्यावर पाणी ओतलं.

"आबा!" लेक ओरडली.

"आता हात घालून बघ."

घातला. आतली बॅग ओली झाली होती, त्या जागी पिसांचा गोळा झाला होता. "डोंगरावरचा पाऊस तुझ्या आईच्या शिलाईला इचारून येनार हाय व्हय?" ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचं खरं होतं, म्हणूनच जास्त.

बॅग उन्हात टाकली. दुपारपर्यंत ती वाळली. मग ताडपत्रीचा थैला घेतला. कोंबायला लागलो तर तो फुगत चालला. वारा बाहेर जायला तोंड उघडं ठेवावं तर बॅग वर उसळून येई. तोंड बांधावं तर वारा आतच कोंडे. एकीकडून दाबलं की दुसरीकडून टम्म. पट्ट्यांची टोकं एकमेकांपासून वीतभर लांब राहत होती. फुगलेला थैला सॅकच्या तोंडातच अडकला. लेक घामानं भिजली होती, पण रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"न्हाय बसत, बाळ," मालक म्हणाले. इतक्या मऊ आवाजात ते एरवी कधी बोलत नसत. तो मऊपणा मला सहन झाला नाही.

"मुद्दाम असला आणला काय तुम्ही?"

"पाणी शिरू नये म्हणून आणला."

"पाणी शिरत न्हाय त्यातनं वारा तरी कसा जाईल?"

मी कात्री घेतली आणि थैल्याच्या बुडाचा एक कोपरा कापून टाकला.

"आई, काय केलंस हे!"

मी गुडघा दाबला. भोकातून वारा फुसकन बाहेर आला आणि थैला खाली बसला. पट्टे जुळले. पण बुडाला दोन बोटं जातील एवढं भोक पडलं होतं.

"झालं," मालक म्हणाले. "व्हता त्योबी घालवलास. आता पाणी खालनं शिरंल."

उन्हं अंगणातल्या नळापर्यंत सरकली होती. लेक दोन्ही थैल्यांकडे बघत उभी होती, एक ओला आणि एक फाटका. मालक येऊन उकिडवे बसले. त्यांनी भोकात बोट घालून बघितलं.

"मोटंला सोंड असती," ते म्हणाले.

तोवर विहिरींवर इंजनं आली होती, आमची मोट गोठ्यात वाळत पडली होती. पण तरुणपणी मोट त्यांनीच हाकलेली. मोटेच्या बुडाला कातड्याची नळी असते, तीच सोंड. वर येताना सोंड दुमडलेली, म्हणून पाणी आत राहतं. वर आली की सोंड सुटते आणि पाणी पाटात पडतं.

त्यांनी झडपेचा जादा तुकडा कापला, त्याची नळी केली आणि दाभण मागितलं. मी दोऱ्याला मेण लावून दिलं. भोकाला नळी शिवून त्यांनी शिलाईवरही मेण चोळलं. मग लेकीला म्हणाले, "भर. तोंड बांध. सोंड मोकळी ठेव. आता दाब."

वारा सोंडेतून निघून गेला.

"आता सोंड पीळ, दुमड, बांध."

थैला सॅकच्या तळात जाऊन बसला. वरून पाणी ओतलं, उलटा करून ओतलं, आत थेंब गेला नाही.

"मग?" मी विचारलं. "देव काय म्हणतोय?"

"देव काय म्हणंल? सोंड मी लावली." माझ्याकडे न बघता ते लेकीला म्हणाले, "सोड आन् परत भर. तिथं गुडघा द्यायला तुझी आई न्हाय."

संध्याकाळी मैदानाच्या कुंपणाबाहेर आम्ही दोघं उभे होतो. बाईंनी थैला बाहेर ओढला. "ही शेपटी कसली?"

"सोंड हाय, बाई."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी थैल्याचं तोंड सोडून बॅग गवतावर पसरली. "भर माझ्यासमोर."

पलीकडे जयसिंगपूरची पोरगी आपली भरलेली सॅक पायाशी घेऊन उभी होती. लेकीनं बॅग कोंबली, तोंड बांधलं, गुडघा दिला. थैला फुगला. ती दाबतच राहिली, पण सोंड सोडायची विसरली होती. बाई पुढच्या पोरीकडे वळायला लागल्या.

"सोंड," मालक दातातल्या दातात म्हणाले. कुंपणाची तार त्यांनी घट्ट धरली होती. "अगं, सोंड सोड की."

एवढ्या लांबून तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिचं तिलाच आठवलं. थैला पालथा करून तिनं सोंडेची गाठ सोडली, अंगाचा सगळा भार टाकला, सोंड पिळून बांधली आणि थैला सॅकमध्ये लोटला. बाईंनी वरून हात दाबून बघितला आणि मान हलवली.

जयसिंगपूरची पोरगी सॅक उचलून फाटकाकडे चालायला लागली. तिला घ्यायला तिचा बाप आला होता. मी तिकडे फार वेळ बघितलं नाही.

परतीच्या वाटेवर मालक म्हणाले, "गाठ सैल मारली तिनं."

"बाईंनी बघितली. चालली त्यांना."

"बाईंला काय कळतंय मोटंतलं?" ते म्हणाले. "राती घरी आली की परत शिकवतो. सकाळी गाडी किती वाजता हाय?"