पाव्हण्याच्या हातावर दही

आमच्या घराण्यात परदेशी जाऊन आलेले दोनच. एक मी आणि दुसरा पत्र्याचा. मान जास्त पत्र्याच्यालाच मिळाला आणि ते योग्यच झालं, कारण त्याच्यात बिघाड कुठे होता ते निदान सापडलं तरी!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. निपाणीत आमची पिठाची गिरणी होती. गिरणीत अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि मागच्या खोलीत मी. त्या खोलीत मी हौसेने एक रोबोट बनवला होता. गोडेतेलाच्या डब्याचं धड, भंगारातल्या एस.टी.च्या वायपरची मोटर, सायकलच्या चेन, आणि दातेरी चाकं मच्छे गावच्या ओतकामाच्या कारखान्यातल्या एका मित्राने साहेबाची नजर चुकवून ओतून दिलेली. (साहेबाला कळलं तेव्हा त्याने चाकं परत मागितली नाहीत. मित्रालाच घरी पाठवलं.)

रोबोटला दोनच कामं येत. आधी दोन्ही हात जोडून नमस्कार करायचा, मग तांब्या उचलून पेल्यात पाणी ओतायचं. त्याला बोलता येत नसे, कारण मी त्याला तोंडच दिलं नव्हतं. आमच्या सीमाभागात तोंड उघडलं की माणूस कुठल्या बाजूचा ते कळतं आणि निम्मं गाव रुसतं. तो मराठीत बोलला असता तर समोरचा कानडी किराणावाला बिथरला असता, कानडीत बोलला असता तर आमचे सख्खे काका गिरणीवर मोर्चा घेऊन आले असते. नमस्कार मात्र दोन्हीकडे नमस्कारच!

आई त्याला 'पाव्हणं' म्हणायची. अण्णा 'डबडं' म्हणायचे.

"दिसतंय ग्वाड," अण्णा दारातून बघत म्हणाले. "पर काम काय करतंय?"

"पाणी देतंय की, अण्णा."

"पाणी तुझी आई बी देती. तिला चेन बसवावी लागत न्हाय."

अशात वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात मी वाचलं की जपानात हौशी लोकांच्या यंत्रांची परिषद आहे. फोटो पाठवून दिला आणि विसरून गेलो. तर त्यांचं बोलावणं आलं! विमानाचं तिकीट त्यांचं, पेटीचं भाडं त्यांचं. त्या रात्री जेवताना अण्णांनी भाकरी मोडता मोडता अट घातली.

"तिथं त्या लोकांम्होरं ह्येनं एक पेला पाणी वाढलं, तर मी गिरणीला गडी ठेवतो. तू मोकळा. जा पुण्याला, न्हायतर मुंबईला, कुठं ते कर तुझं यंत्र-बिंत्र. आन न्हाय वाढलं, तर गप येऊन पीठ दळायचं."

"कबूल," मी म्हणालो. माझ्या सगळ्या आयुष्याचा सौदा एक पेला पाण्यावर झाला, आणि मला तो स्वस्तात पडला असं वाटलं. घरी त्याने शंभरदा पाणी ओतलं होतं, थेंब सांडला नव्हता.

मग गावाने सत्कार केला. आमच्या गावात जाणाऱ्याचा सत्कार करतात, कारण येताना तो काय होऊन येईल याची खात्री नसते. तंबाखूचे एक बडे व्यापारी अध्यक्ष होते. त्यांनी मला शाल घातली, पाव्हण्याला फेटा बांधला, आणि भाषणभर मला 'रोबोट' आणि त्याला 'आमचे सुपुत्र' म्हणाले. कोणी दुरुस्त केलं नाही. मीही नाही.

निघायच्या दिवशी टेम्पो दारात उभा. पाव्हणा पेटीत आडवा, वरचं झाकण अजून उघडं. मी ड्रायव्हरशी दोरीवरून भांडत होतो. आईने मला हाक मारून हातावर दही-साखर ठेवली. मी चाटली, पाया पडलो.

"दोघांच्या बी हातावर दही ठिवलंय रं," ती डोळे पुसत म्हणाली. "आता काळजी न्हाय."

दोघांच्या म्हणजे माझ्या आणि ड्रायव्हरच्या, असं मी समजलो. (ड्रायव्हर होताच तसा, मिळेल ते चाटणारा.) झाकण ठोकलं आणि निघालो.

मुंबईला कस्टमवाल्याने विचारलं, "पेटीत काय?"

"पाव्हणा," मी घाईत बोलून गेलो. पुढचा अर्धा दिवस मला पेटीत माणूस नाही हे पटवून देण्यात गेला.

जपानात मी पोचलो, पेटी नाही. ती आली ती थेट परिषदेच्या दिवशी, थेट सभागृहात, आणि माझी पाळी सकाळीच. एकदा चालवून बघायलाही सवड मिळाली नाही. पाव्हण्याला उभा केला, फेटा सारखा केला, समोर तांब्या आणि पेला मांडला. इतर देशांचे रोबोट जिने चढत होते, बाजाची पेटी वाजवत होते. आमचा पाणी देणार होता. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, यापेक्षा मोठं काम यंत्राला कोणतं शिकवायचं, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. (आजही वाटतं. विचारतो कोण?)

मी बटण दाबलं. पाव्हण्याने हात जोडले. पहिल्या रांगेत अध्यक्ष बसले होते, पांढऱ्या केसांचे, अतिशय सभ्य गृहस्थ. ते उठले आणि कमरेत वाकले.

आता पाणी! पण पाव्हण्याने हात सोडले आणि पुन्हा जोडले. अध्यक्ष पुन्हा वाकले. पाव्हणा पुन्हा. अध्यक्ष पुन्हा. तिकडे समोरचा वाकला की आपणही वाकायचं अशी रीत, आणि समोरचा थांबेल तेव्हा थांबायचं. समोरचा थांबेना! मग अध्यक्ष एकटे वाकताहेत हे बरं दिसत नाही म्हणून पहिली रांग उठली. मग दुसरी. मी बंद करून पुन्हा सुरू केला, तर त्याने नव्याने नमस्कार घातला आणि सगळं सभागृह नव्याने वाकलं.

"अरे, पाणी दे! पाणी!" मी त्याच्या कानात ओरडलो. त्याला कान नव्हते.

अध्यक्षांचा एक हात कमरेवर गेला तेव्हा मी वायरच उपटली. सगळे हळूहळू बसले. अध्यक्ष दुभाष्याशी काहीतरी बोलले आणि दुभाष्याने ते आदराने माझ्याकडे पोचवलं, "साहेब म्हणतात, फार सुसंस्कृत यंत्र आहे. पण ते काम काय करतं?"

एवढा समुद्र ओलांडून गेलो, तर अण्णा माझ्या आधी तिथे पोचलेले! अध्यक्षांना धाप लागली होती. मी तांब्या उचलला, पेल्यात पाणी ओतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. ते प्याले. टाळ्या पडल्या. परिषदेत माझ्या घराण्याचं जे काही यंत्र चाललं, ते एवढंच.

रात्री मी पाव्हणा खोलला. त्याच्या उजव्या तळव्यात तांब्याच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या होत्या, एकीवर एक. तळवे जुळून दाब आला की पट्ट्या एकमेकींना टेकायच्या, आणि त्याला कळायचं की नमस्कार झाला, आता पाणी. त्या पट्ट्यांवर एक पिवळट, कडक खपली बसली होती. नखाने उचकटली, वास घेतला. आंबट. खपलीत चिकटून मेलेली एक लाल मुंगीही होती, निपाणीची.

दोघांच्या बी हातावर! मी चाटलं होतं. त्याला तोंड नव्हतं. ते दही त्याने जपानपर्यंत मुठीत सांभाळून आणलं होतं, आणि पट्ट्या टेकत नव्हत्या म्हणून बिचारा पुन्हा पुन्हा हात जोडत होता, नमस्कार अजून झालाच नाही असं समजून. मला रडू आलं. संतापही आला. पण ज्या घरात अण्णा त्याला डबडं म्हणत होते, तिथे ज्या एकाच बाईने त्याला माणूस समजून वाटेला लावलं, तिच्यावर संतापायचं कसं?

परत आलो तर गाव स्टँडवर हजर. सभागृह वाकल्याचा फोटो आमच्या आधी पोचला होता आणि इथल्या एका वर्तमानपत्राने तो छापला होता, 'आपल्या संस्कृतीपुढे परदेश नतमस्तक!' पुन्हा शाल, पुन्हा फेटा. मराठी वक्ते म्हणाले, हा मराठी नमस्काराचा विजय. कानडी वक्ते म्हणाले, नमस्कार तर कन्नडच. दोघांची जुंपली. पाण्याचं कोणीच विचारलं नाही.

अण्णांनी घरी आल्यावर विचारलं.

"पाणी वाढलं?"

"वाढलं."

"त्येनं का तू?"

"मी."

अण्णा हसले नाहीत. हसले असते तर मी भांडलो असतो. "सकाळी लौकर ये," ते म्हणाले. "जोंधळं लई आल्यात."

आत आई शेजारणींना सांगत होती, "दही ठिवलं हातावर, म्हणून तर जगानं हात जोडलं गं! माझ्या दह्याचा गुण त्यो!" मी तिला कधीच काही सांगितलं नाही. ती शेवटपर्यंत तेच सांगत राहिली, आणि दर वेळी मला मान डोलवावी लागली.

पाव्हणा मग लग्नाच्या मांडवात दाराशी उभा राहू लागला. दह्याचं काय ते मी साफ केलं होतं, पण लोकांना पाणी नकोच होतं, त्यांना वर्तमानपत्रातला नमस्कार हवा होता. तेव्हा मी स्वतःच्या हाताने त्याची पाण्याची चेन काढून टाकली.

पुढे कडोलीच्या एका मुलीकडची मंडळी मला बघायला आली. माझ्या भुवयांवर पीठ, अंगात गिरणीतलाच सदरा. मी सगळ्यांना वाकून नमस्कार केला. मुलीचे मामा खूश झाले. पोह्यांची बशी खाली ठेवत ते अण्णांकडे वळले, "पोरगं नम्र लई हाय हो. पर काम काय करतंय?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आईने बघितलं. उत्तर मलाच द्यायचं होतं.

मी दोन्ही हात जोडले. मग सोडले आणि पुन्हा जोडले.