गिटार ह्यांची, कान कुणाचा?

सन २०२४, नोव्हेंबर महिना, नाशिकची थंडी नुकतीच दाराशी आलेली. त्या एका हिवाळ्यात आमच्या चौघांच्या मंडळात इतके किस्से साठले, की एक सांगायला झाकण उघडावं तर पाच बाहेर येतात. म्हणून क्रमानेच सांगते. मला क्रम लागतो.

चौघं म्हणजे पहिले माझे यजमान. सगळे त्यांना नाना म्हणतात. वय एकोणऐंशी, ओझरच्या विमान कारखान्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त, आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. दुसऱ्या, समोरच्या ब्लॉकमधल्या सुषमाताई; त्या गातात. तिसरे सटाण्याचे भाऊ. कांद्याचा व्यापार मुलावर सोपवून त्यांनी तबला धरला. चौथी मी. मी काही वाजवत नाही. मी ऐकते. बावन्न वर्षांच्या संसारात गिटार सुरात लावून झाली, की हे मला विचारत, "बघ गं, लागली का?" मी "लागली" म्हटल्याशिवाय पुढे वाजवत नसत.

एका सकाळी तालमीत गिटारने शिट्टी मारली. दोष पिकअपचा. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं, तांब्याच्या केसासारख्या तारेने गुंडाळलेलं चुंबक. तारेचा कंप टिपून ते स्पीकरकडे पाठवतं. ह्यांच्या गिटारला असे दोन पिकअप, आणि दोन्ही थकलेले.

"नवे घालावे लागणार," हे म्हणाले. मग मान वळवून, "सुषमाताई, तुम्हाला कसा आवाज बरा वाटतो?"

मी तिथेच उभी होते. सर्वांसाठी पोहे घेऊन!

*

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मोबाइलवर निरनिराळ्या पिकअपचे नमुने लावले. सुषमाताई डोळे मिटून म्हणाल्या, "नाना, हा कसा गोल आहे, मऊ भातासारखा. तो दुसरा फार उघडा."

ह्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. अक्षरशः उतरवून घेतलं, तारखेसह!

बावन्न वर्षांत माझं एकच वाक्य ह्या माणसाने लिहून घेतलं आहे. "येताना कोथिंबीर आणा."

मत्सर हा शब्द मी टाळणार नाही. जुन्या अकरावीची मॅट्रिक आहे मी. शब्दांचे अर्थ मला कळतात.

*

आपणही काही करून दाखवावं, म्हणून मी मालेगावच्या भाच्याला फोन केला. त्याच्या ओळखीचे एक सलीमभाई पॉवरलूमच्या जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून देतात. तांब्याची तार ती तांब्याचीच, असा माझा विचार. एक पिकअप ह्यांच्या नकळत काढून घेतला नाही. रीतसर मागून घेतला आणि पाठवला.

आठवड्याने परत आला. सोबत सलीमभाईंचा फोन. "अम्मा, आतली तार एकदम बाल जैसी होती, कधीही तुटली असती! मी मोटरची जाड तार टाकली. आता बीस साल बघायचं काम नाही!"

गिटार जोडली. शिट्टी थांबली हे खरं. बाकीचं सगळंही थांबलं.

भाऊंनी स्पीकरला कान लावला. "वहिनी, आत लय लांबून कोणीतरी बोलतंय बघा."

ते मी सहन केलं असतं. पण सुषमाताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुमचा हेतू चांगला होता हो."

त्या दिवशी मी चहा तीनच कप केला. माझा, ह्यांचा आणि भाऊंचा.

*

मी एकदा सरळ विचारलं, "अहो, गिटार तुमची. तुम्हीच का नाही ठरवत?"

हे चष्मा पुसत म्हणाले, "कारखान्याचा नियम आहे. जो काम करतो, त्याने पास करायचं नाही. तपासणारा वेगळा लागतो."

"मग तपासणारी मी नाही का?"

"तू घरची आहेस गं. घरच्यांचा शेरा चालत नाही."

बावन्न वर्षं माझ्या होकाराशिवाय गत न वाजवणारा माणूस हा!

*

अखेर तोडगा भाऊंनी काढला. "दोघींना पाठमोऱ्या बसवा अन् कोणती आवडली ते कागदावर लिहून घ्या. भांडण नाय, तंटा नाय."

कॉलेज रोडवरच्या वाद्यांच्या दुकानात दोन वेगवेगळ्या जातींचे पिकअप लावलेल्या दोन गिटारी होत्या. आम्ही दोघी स्टुलावर, तोंडं भिंतीकडे. हे वाजवणार, आम्ही लिहिणार.

पहिली गिटार वाजली. सुषमाताईंची मान डोलली, हे मला कडेने दिसलं. मी "दुसरी" असं सुवाच्य अक्षरात लिहून कागदाची घडी घातली.

दुसरी गिटार वाजायची होती अजून!

दुकानदाराने चिठ्ठ्या उघडल्या आणि हात जोडले. "काकू, तुमचा कान तयार आहे हां! पट्टीचे वाजवणारे ही दुसरीच नेतात."

मी "असेल" एवढंच म्हणाले.

*

प्रकरण मिटलं ते जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, आमच्याच हॉलमध्ये.

हे गिटार घेऊन बसले. नवे दोन्ही पिकअप बसले होते. गिटारीवरचं एक लहान बटण ह्यांनी वर केलं आणि एक सुरावट छेडली. गोल, मऊ. "हा सुषमाताईंच्या पसंतीचा."

बटण खाली केलं. स्वच्छ, धारदार आवाज आला. "हा तुझ्या पसंतीचा. दोन जागा होत्या, दोन्ही घेऊन टाकले."

सुषमाताई हसल्या. मीही हसले. इतपत ठीक होतं.

तेवढ्यात भाऊंनी विचारलं, "अन् मधी ठेवलं तं?"

हे उत्साहाने म्हणाले, "मध्ये ठेवलं की दोन्ही एकदम! खरी गोडी तिथेच आहे."

ह्यांनी बटण मध्ये आणलं आणि वाजवू लागले. सुषमाताईंनी डोळे मिटले. भाऊंचे हात आपोआप तबल्यावर गेले. खरंच फार सुंदर वाजत होतं.

मी उठले. औषधांच्या डब्यातून चिकटपट्टी आणली. ह्यांच्या हाताखालून बटण खाली ओढलं आणि त्यावर दोन पट्ट्या आडव्या लावल्या, नीट, कडा दाबून.



"हं," मी म्हणाले, "आता लागली. वाजवा."