पाव खटका

आमच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना काकू म्हणतात, त्यांच्याहून मोठे असलेले साहेबसुद्धा. काकूंचं काम एकच: काळ्या रंगवलेल्या खोलीत कॅमेऱ्याला खोटा तारा दाखवायचा.

उपग्रहाला आपलं तोंड कुठे आहे ते ताऱ्यांवरून कळतं. कॅमेऱ्यात तारा म्हणजे उजेडाचा ठिपका. त्या ठिपक्याचा नेमका मध्य शोधायची नवी पद्धत मी दोन वर्षं खपून लिहिली होती. चाचणीत उतरली तर ती पुढच्या उपग्रहावर जाणार, नाहीतर जुनीच. माझा जीव टांगणीला, आणि काकू चाक फिरवताहेत गोगलगायीसारखं. एक खटका, तारा एक पाऊल सरकतो. आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. चाळीस खटके झाले. चूक जवळजवळ शून्य!

"आटपा ना, काकू! अशानं माझी पेन्शन सुरू होईल!" मी ओरडले.

त्या दचकल्या. चाक दोन खटक्यांच्या मधेच थांबलं आणि चूक एकदम तीसपट दिसली.

"खोडा ते. हात हलला तुमचा."

"हलला. पण तारा दिसला ना? मग लिहायचं." अकरा वर्षांच्या वह्यांत त्यांनी एक ओळ खोडलेली नाही.

मी तणतणत पाणी प्यायला गेले. परत येते तो काकू मुद्दाम पाव-पाव खटक्यावर थांबत होत्या. दरवेळी तीच गत.

"एक खटका म्हणजे किती ग?"

"बरोब्बर एक पिक्सेल, कॅमेऱ्यातला एक चौकोन. पहिल्यापासून तसंच..." बोलताबोलता माझी जीभ अडखळली. म्हणजे दर खटक्याला तारा पुढच्या चौकोनात, पण तिथेही मधोमधच! तिथे कुठलीही पद्धत पास होणार. एकच प्रश्न चाळीसदा विचारून मी पैकीच्या पैकी घेत होते. कपाळ माझं! सरळ सांगते, मला रडू आलं.

"उपग्रह वर गेल्यावर कळलं असतं तर रडायचं," काकू म्हणाल्या. "ठिपका बघ किती बारीक. एकाच चौकोनात मावतोय, मग मध्य कसा कळणार त्याला? भिंग जरा ढिलं करू."

'स्पष्ट हवं' म्हणत ते घट्ट करून घेणारी मीच. आम्ही ते केसभर मागे घेतलं. ठिपका तीन-चार चौकोनांवर पसरला. मग चार दिवस पाव-पाव खटका. चूक उरली, पण चालण्याइतकी. माझी पद्धत पास झाली, आणि या वेळी खरोखर!

अहवालातून ते पहिलं वाईट पान मी गुपचूप काढलं होतं. काकूंनी ते सगळ्यात वर लावलं. साहेबांनी वाचलं, माझ्या पद्धतीवर सही केली आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"काकू, म्हणजे अकरा वर्षांच्या तुमच्या सगळ्या वह्या पूर्ण खटक्यांच्याच..."

काकूंनी हातातली वही मिटली.

"वह्या खऱ्याच आहेत, साहेब. विचारलं तेवढं लिहिलंय. प्रश्नच सोपा होता, आता अवघड विचारते."

आणि निवृत्तीला आठ महिने उरलेली ती बाई कपाटावरचा, पहिल्या वहीतला सगळ्यात जुना कॅमेरा काढायला स्टुलावर चढली.