भिंतीला लावलेला कान

हेडक्लार्कांच्या छतावर डाग पडला तेव्हा तो बशीएवढा होता. सगळं आयुष्य कचेरीत गेलेल्या माणसाला शोभेल अशा शांतपणाने त्यांनी तो परातीएवढा होईपर्यंत विचाराधीन ठेवला. मग एके सकाळी त्यातून थेंब पडला, तोही नेमका त्यांच्या टकलावर, आणि प्रकरण तातडीचं झालं.

"वरच्या ताईंना सांगितलंत का?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"सांगितलं. त्या म्हणतात, त्यांचं बाथरूम कोरडं ठणठणीत आहे."

"असणारच. सगळं पाणी आपल्याकडे आल्यावर त्यांच्याकडे राहील कुठून?"

तेव्हा टकटकमामांना बोलावणं गेलं. आमच्या भागात गळती शोधायची म्हणजे टकटकमामाच. इतर प्लंबर आले की बाथरूमची खाणच करून ठेवतात. मामा एक टाइल फोडत. फक्त एक. स्क्रू ड्रायव्हरचं टोक भिंतीला, मूठ कानाला, डोळे मिटलेले, असे ते एकेका टाइलपाशी उभे राहत. मधूनच छिन्नीच्या लाकडी मुठीने टकटक करत. मग खडूने फुली मारत आणि तिथेच फोडत. फुलीमागे गळका पाइप सापडला नाही असं कधी झालं नव्हतं.

मात्र त्यांना शांतता लागे. साधीसुधी नव्हे. पंखे बंद, फ्रिज बंद, मिक्सर बंद, तान्ही मुलं गल्लीच्या टोकाला. एकदा तळमजल्यावरच्या आजोबांना ढास लागली, तेव्हा मामांनी वरून निरोप धाडला होता, "सगळं खोकून घ्या, मग सुरू करतो." नियम एकच. मामा ऐकत असताना कुणी तोंड उघडायचं नाही. भिंतीचं ऐकायचं की तुमचं?

सोबत मामी असत. सिमेंट कालवायचं, घमेलं उचलायचं, फोडलेले तुकडे भरायचे ही कामं त्यांची. मामांना दारावरची बेल ऐकू येत नाही, मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, हे अलीकडे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. कुणी तसं म्हटलं की मामी फणकारत, "त्यांना फक्त माणसांचं ऐकू येत नाही. भिंतींचं येतं!" लोक हसत आणि गप्प बसत. कारण कान गेला तर मामांकडे उरणार काय? हातोडा काय, कुणाच्याही घरी असतो.

मामा आले. आधी त्यांनी ताईंच्या बाथरूमचा कॉक बंद केला. थोड्या वेळाने खालचे थेंब थांबले. म्हणजे सांडपाण्याचा दोष नाही, भिंतीत पुरलेला नळाचा पाइप कुठेतरी फुटलाय, एवढं नक्की झालं. पण पाइप दोन भिंतींत होता, बेसिनमागे आणि शॉवरमागे. खालचा डाग बघून काही कळत नाही. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी हवं तिथून वाट काढत जातं आणि भलत्याच्याच डोक्यावर पडतं.

वरच्या ताई घरी शिलाईकाम करत. एकट्या राहत. त्यांच्या बाथरूमला पिस्त्याच्या रंगाच्या टाइल्स होत्या. त्या बनणं कधीच बंद झालं होतं आणि घरात शिल्लक एकच होती. ताईंनी ती कपाटातून काढून आणली, मांडीवरून मूल द्यावं तशी मामांच्या हातात दिली.

"एकच आहे हो मामा."

"एकच लागते मला," मामा म्हणाले.

मामी त्या दिवशी वर आल्या नव्हत्या. गुडघा सुजला होता. त्या खाली हेडक्लार्कांच्या खोलीत बादलीशी बसल्या. मामांनी कॉक पुन्हा उघडला, शिलाई मशीन थांबलं, पंखे थांबले, सगळी इमारत श्वास धरून बसली.

आणि त्या शांततेत ताईंना आवाज आला. बेसिनमागून. सी... असा बारीक, एकसारखा, दातांच्या फटीतून हवा सोडावी तसा. दारात हेडक्लार्क उभे होते. त्यांनाही आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मामांनी स्क्रू ड्रायव्हर नेमका तिथेच टेकवला. डोळे मिटले. खूप वेळ उभे राहिले. मग मान हलवली, "इथे काही नाही," आणि शॉवरच्या भिंतीकडे वळले.

ताईंनी तोंड उघडलं. मामांनी ओठांवर बोट ठेवलं. ताईंनी मिटलं. हेडक्लार्कांनी तर जन्मात नियम मोडला नव्हता, ते आपल्या चपला बघत राहिले. एवढ्या मोठ्या माणसाला त्याच्याच कामात कोण सांगणार?

शॉवरच्या भिंतीवर फुली पडली. टाइल फुटली. आत सिमेंट पिठासारखं कोरडं.

"जरा बाजूला असेल," मामा म्हणाले. शेजारची फुटली. कोरडी. मग खालची. मग तिच्याही खालची. पिस्त्याच्या रंगाचे तुकडे जमिनीवर साचत गेले आणि मामांच्या हातोड्याचा वेग वाढत गेला. आता ते ऐकतही नव्हते, नुसते फोडत होते. ताईंनी पदर तोंडाशी धरला होता.

खाली मामींना हातोडा ऐकू येत होता. तो थांबायला हवा होता तिथे थांबला नाही, तेव्हा त्या उठल्या. घमेलं काखेत मारलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या. बाथरूममध्ये आल्या, नवऱ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, क्षणभर थांबल्या. मग घमेलं बेसिनखाली ठेवत मोठ्याने म्हणाल्या,

"अहो, हे इथे ठेवू का?"

मामांचा हातोडा थांबला. ते घमेल्याकडे बघत राहिले.

"तिथे का?"

"जागा रिकामी दिसली."

"मागच्या कामाला गीझरखाली ठेवलं होतंस," मामा सावकाश म्हणाले. "त्याच्या आधी दाराच्या मागे, अडचणीत. गळती तिथेच निघाली होती." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "सगळीकडे तूच सांगत होतीस."

मामींनी पदर सारखा केला. "जड असतं हो ते. कुठेतरी टेकवावंच लागतं."

मामांनी ताईंकडे वळून विचारलं, "ताई, तुम्हाला येतंय ऐकू तिथून?"

"हो मामा," ताई म्हणाल्या, आणि मामांना ऐकू गेलं नाही असं वाटून पुन्हा मोठ्याने म्हणाल्या, "मघापासून!"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हीच बोलू नका म्हणालात ना."

मामांनी बेसिनमागची एक टाइल फोडली. पाण्याची बारीक पिचकारी थेट त्यांच्या शर्टावर आली. त्यांनी कॉक बंद केला, पाइपचा तुकडा बदलला, सांधा पुसून पुसून पाहिला. कपाटातली पिस्ता टाइल तिथे इतक्या सफाईने बसवली की ती नवी आहे हे कुणाला कळू नये. शॉवरच्या भिंतीला पांढऱ्या टाइल्स आणून लावाव्या लागल्या. फाटक्या पँटला ठिगळ लावल्यासारखी ती भिंत दिसू लागली.

"उजेड पडला हो जरा," ताई म्हणाल्या.

उतरताना जिन्यातल्या वळणावर मामी थांबल्या. गुडघा दुखत होता की बोलायचं होतं, कोण जाणे. नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन त्या म्हणाल्या, "मी ऐकते, तुम्ही फोडा. एवढी वर्षं तेच तर चाललंय. बिघडलं कुठे?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं," मामा म्हणाले. "आणि मग मिस्त्री कोण?"

मामींनी हत्यारांची पिशवी उचलली, आणि मामांनी ती पहिल्यांदाच त्यांना उचलू दिली.

हेडक्लार्कांचं छत वाळलं, रंगवून झालं. मामा अजून कामं करतात. नळाचे वॉशर बदलतात, फ्लशची टाकी दुरुस्त करतात. डोळ्यांनी दिसणारी कामं. दुपारी घराच्या दारात खुर्ची टाकून बसतात, आणि मामी आतून काही म्हणाल्या की मान डोलावतात, ऐकू आलेलं असो वा नसो.

परवा पलीकडच्या इमारतीतला एक शिक्षक धावत त्यांच्या दाराशी आला. छत ओलं झालं होतं, खाली अंथरूण भिजलं होतं.

मामा खुर्चीतून उठले. त्याला नीट पाहून म्हणाले, "मिस्त्री बाहेरगावी गेलेत."

शिक्षक मामांना लहानपणापासून ओळखत होता. तरी त्याने विचारलं,

"परत कधी येणार?"

"काय?"

"परत कधी येणार म्हटलं!"

मामांनी रस्त्याकडे बघितलं. "सांगून नाही गेले," ते म्हणाले.